उभ्या राहिलेल्या गाड्या

मोटारगाडी चालवल्याने झिजते हे सर्वांनाच ठाऊक असते. ती न चालवल्याने किती निरनिराळ्या वाटांनी खराब होते, हे मात्र ती पुन्हा सुरू करण्याची वेळ येईपर्यंत सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. धावत्या गाडीच्या झिजेचा अंदाज बांधता येतो, आणि ठरावीक अंतरानंतर ठरावीक सुटे भाग बदलले की ती झीज बरीचशी भरून निघते. उभ्या गाडीचे तसे नसते. तिच्यात इंधन, पाणी, तेल, आम्ल, रबर, लोखंड आणि ॲल्युमिनियम ही सारी द्रव्ये वर्षानुवर्षे एकत्र कोंडलेली राहतात, आणि ज्यांची योजना सतत फिरत राहण्यासाठी झालेली असते ती स्थिर झाली की त्यांचे एकमेकांशी असलेले संबंध एकेक करून बिघडू लागतात. दीर्घकाळ उभी असलेली जुनी गाडी पुन्हा चालू करणे म्हणजे या बिघाडांचा माग काढत उलट मागे जाणे होय, आणि या कामाचा विचार करायला हैदराबादइतके योग्य शहर दख्खनमध्ये क्वचितच दुसरे सापडेल.

हैदराबादचे सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचे २४ फेब्रुवारी १९६७ रोजी निधन झाले आणि त्यांचे नातू मुकर्रम जाह हे त्यांचे वारस झाले. या वारशाचे जे वर्णन इतिहासलेखक विल्यम डॅलरिंपल यांनी केले आहे, त्यात राजवाड्यांतील हजारो नोकरचाकरांच्या आणि आश्रितांच्या जोडीने मोटारखान्याचीही नोंद येते. त्या मोटारखान्यात ६० गाड्या होत्या, त्यांच्या पेट्रोलवर आणि सुट्या भागांवर वर्षाला ४५,००० पौंड खर्ची पडत होते, आणि प्रत्यक्षात चालण्याजोग्या गाड्या अवघ्या ४ होत्या. इतकेच नव्हे, तर राज्यारोहणाच्या समारंभाहून नव्या निजामांना परत नेण्यासाठी ठरलेली लिमोझिनही बंद पडली. या हिशेबातून निघणारा अर्थ महत्त्वाचा आहे. तेथे पैसा होता, सुटे भाग मागवण्याची ऐपत होती, माणसांचा तर सुकाळच होता. तरीही उरलेल्या ५६ गाड्या उभ्या राहिल्या, कारण गाडीवर होणारा खर्च आणि गाडीची निगा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पहिलीने दुसरीची उणीव भरून निघत नाही. मुकर्रम जाह यांना स्वतःला यंत्रांची मनापासून आवड होती. ऑटोमन घराण्यातील शेवटच्या खलिफाच्या कन्येचे पुत्र असलेले हे गृहस्थ पुढे पश्चिम ऑस्ट्रेलियातील मर्चिसन हाउस स्टेशन या विस्तीर्ण मेंढपाळ वसाहतीत जाऊन राहिले, आणि तेथे बुलडोझरांच्या व इंजिनांच्या दुरुस्तीत ते रमत असत. ज्या हातांना इंजिनाची ओढ होती ते हात हैदराबादेपासून हजारो मैल दूर गेले आणि येथील गाड्या जागच्या जागी राहिल्या, ही या शहराच्या मोटारींच्या इतिहासातील दुःखद गोष्ट आहे.

या गाड्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध म्हणजे चौमहल्ला राजवाड्यात ठेवलेली पिवळ्या रंगाची रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट होय. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी ती मागवली, परंतु २९ ऑगस्ट १९११ रोजी त्यांचे निधन झाल्यामुळे ती त्यांना वापरता आली नाही. १९१२ची ही गाडी त्यांच्या पुत्राच्या वाट्याला आली. लंडनच्या बार्कर अँड कंपनीने तिचा सांगाडा, म्हणजे इंजिन आणि चाकांच्या चौकटीवर चढवलेली वरची बांधणी, सिंहासनासारखी उंच मागची बैठक आणि घुमटाकार छत अशा थाटाची केली होती. सुमारे ७.४ लिटर क्षमतेच्या तिच्या इंजिनात ६ सिलिंडर असून ते तीन-तीनच्या दोन ओतीव गटांत बसवलेले आहेत, आणि त्या काळच्या पद्धतीप्रमाणे ब्रेक केवळ मागच्या चाकांना आहेत. ही गाडी समारंभापुरती बाहेर निघे आणि एरवी उभी असे, त्यामुळे शंभर वर्षांच्या आयुष्याच्या मानाने तिचे चाललेले अंतर नगण्य आहे. चौमहल्ल्याचा जीर्णोद्धार मुकर्रम जाह यांच्या पहिल्या पत्नी राजकन्या एसरा यांच्या पुढाकाराने झाला, २०१० साली त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा वारसा पुरस्कारही मिळाला, आणि आज तेथे येणारे प्रेक्षक या गाडीसमोर बराच वेळ उभे राहतात. अत्यंत कमी चाललेली गाडी अत्यंत चांगल्या अवस्थेत असणार असे त्यांतील बहुतेकांना वाटत असणे स्वाभाविक आहे. यंत्राच्या बाजूने पाहता हे गृहीतक टिकत नाही, आणि ते का टिकत नाही हे समजून घेण्यासाठी संस्थानी मोटारखान्यातून बाहेर पडून सामान्य घरांच्या अंगणात यावे लागते.

हैदराबादच्या काचीगुडा, बरकतपुरा, नारायणगुडा अशा जुन्या वस्त्यांत, जेथे मराठवाड्यातून शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी आलेली मराठी कुटुंबेही पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक आहेत, तेथील अंगणांतल्या पत्र्याच्या शेडमध्ये कापडाखाली झाकलेली गाडी बहुधा ॲम्बॅसेडर असते किंवा प्रीमियर पद्मिनी. पहिली उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सने १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४पर्यंत बनवली. दुसरी वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असे, आधी फिएट ११०० या नावाने आणि १९७०च्या दशकापासून पद्मिनी या नावाने. तिचे इंजिन १,०८९ सीसीचे, म्हणजे चारही सिलिंडरांतून दट्ट्याने व्यापलेली एकूण जागा एका लिटरहून किंचित अधिक. घरातील कर्ता माणूस गेला, मुले परगावी किंवा परदेशी गेली, दुसरी गाडी आली, आणि ही आज काढू, उद्या काढू असे म्हणता म्हणता शेडमध्येच राहिली, असा तिचा इतिहास पुष्कळ घरांत थोड्याफार फरकाने सारखाच असतो. समुद्रापासून दूर, सुमारे ५४० मीटर उंचीवरील दख्खनच्या पठारावर असल्यामुळे हैदराबादची हवा वर्षातील बराच काळ कोरडी असते, आणि म्हणून मुंबईत ज्या काळात गाडीच्या तळाची गंजून चाळण होते तेवढ्या काळात येथील पत्रा पुष्कळसा शाबूत राहतो. मात्र हा कोरडेपणा फक्त पत्रा वाचवतो. गाडीच्या आत कोंडलेल्या द्रव्यांना त्याचा काही उपयोग नसतो.

त्यांतील पहिले द्रव्य पेट्रोल. ते एकजिनसी नसून निरनिराळ्या तापमानांना उडून जाणाऱ्या अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण असते, आणि इंजिन थंड असताना पेट घेण्यासाठी ज्या हलक्या घटकांची गरज असते तेच सर्वांआधी उडून जातात. मागे राहणाऱ्या जड भागाचा हवेतील प्राणवायूशी संयोग होत होत त्याचा तपकिरी, चिकट राळेसारखा थर तयार होतो. हा थर सर्वाधिक उपद्रव करतो तो कार्बोरेटरमध्ये. कार्बोरेटर म्हणजे हवेत पेट्रोलची योग्य प्रमाणात फवारणी करून ते मिश्रण इंजिनाकडे पाठवणारे उपकरण. त्याच्या एका बाजूला पेट्रोल साठवणारी लहानशी वाटी असते, तिच्यात तरंगणारा फ्लोट पेट्रोलची पातळी राखतो, आणि वाटीतून पेट्रोल ज्या बारीक छिद्रांच्या पितळी स्क्रूंमधून ओढले जाते त्यांना जेट म्हणतात. दहा-पंधरा वर्षे उभ्या असलेल्या गाडीच्या कार्बोरेटरचे झाकण उघडले की वाटीच्या तळाशी पिवळट-हिरवट पूड साचलेली दिसते, फ्लोटची सुई तिच्या बैठकीला चिकटलेली असते, आणि खवट रंगासारखा एक उग्र वास बराच वेळ हाताला राहतो. पद्मिनीसारख्या गाड्यांतील सोलेक्स कार्बोरेटरच्या जेटवर एक आकडा कोरलेला असतो. १२० हा आकडा असेल तर छिद्राचा व्यास १.२० मिलिमीटर आहे असे समजावे. हे छिद्र बुजलेले दिसले की त्यात तार किंवा सुई घालण्याचा मोह होतो आणि तेथेच नुकसान होते, कारण पितळ मऊ असल्याने छिद्र क्षणात मोठे होते आणि पुढे त्या गाडीचे पेट्रोलचे प्रमाण कधीच नीट जुळत नाही. जाणता मिस्त्री जेट रात्रभर थिनरमध्ये बुडवून ठेवतो, दाबाच्या हवेने फुंकतो, आणि उजेडाकडे धरून छिद्र पुरते गोल दिसेपर्यंत तेच पुन्हा करतो.

पेट्रोलच्या टाकीची गोष्ट याहून कठीण आहे. अर्धवट रिकाम्या टाकीतील हवेत जो दमटपणा असतो तो रात्रीच्या गारव्यात आतल्या पत्र्यावर थेंबांच्या रूपाने साचतो, पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी जाऊन बसते, आणि तेथून गंज वर चढू लागतो. अलीकडच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असल्यामुळे ही अडचण वाढली आहे, कारण इथेनॉल हवेतील पाणी शोषून घेते आणि पुरेसे पाणी शोषले गेले की ते पाण्यासह पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी उतरते; शिवाय १९७० किंवा १९८०च्या दशकातील रबरी नळ्या आणि गाडीतील पेट्रोल पंपाचा लवचीक पडदा यांची घडण करताना या द्रव्याचा विचार झालेलाच नव्हता. त्यामुळे टाकी उतरवून, तिच्यात बारीक खडी किंवा जुने नट घालून, ती हलवून हलवून आतला गंज काढणे आणि सर्व रबरी नळ्या नव्या बसवणे याला पर्याय नसतो. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोक्याची असते हेही येथे सांगितलेच पाहिजे; आत उरलेली पेट्रोलची वाफ हवेत मिसळून स्फोटक झालेली असते, आणि म्हणून टाकीला डाग देणारा अनुभवी कारागीर ती आधी पाण्याने भरून घेतो.

इंधनाची वाट मोकळी झाली तरी इंजिन फिरेलच असे नाही. इंजिन जाम होणे ही संज्ञा ज्या अवस्थेसाठी वापरली जाते ती अशी. सिलिंडर हे ओतीव लोखंडाचे पोकळ नळकांडे असते, त्यात ॲल्युमिनियमचा पिस्टन म्हणजे दट्ट्या वर-खाली सरकतो, आणि पिस्टनभोवतीच्या खाचांत बसवलेल्या लोखंडी रिंगा सिलिंडरच्या भिंतीला घट्ट टेकून राहतात, जेणेकरून जळलेल्या वायूचा दाब खाली निसटू नये. चालत्या इंजिनात या भिंतीवर तेलाचा अतिशय पातळ थर असतो. गाडी उभी राहिली की तो थर हळूहळू खाली ओघळतो, उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हमधून दमट हवा आत येते, आणि रिंग जेथे भिंतीला टेकलेली असते नेमक्या त्याच रेषेवर गंज धरून दोन्ही धातू एकमेकांना चिकटतात. अशा इंजिनाला नवी बॅटरी लावून सेल्फ मारणे, म्हणजे विजेच्या मोटरने ते जबरदस्तीने फिरवू पाहणे, हा या सगळ्या कामातील सर्वांत मोठा आणि सर्वांत सामान्य प्रमाद होय. रिंग मोडते, तिचा तुकडा सिलिंडरची भिंत खरवडतो, अडकलेल्या व्हॉल्व्हची दांडी वाकते, आणि पंधरा दिवसांच्या धीराने सुटले असते ते इंजिन उघडून पूर्ण बांधावे लागते.

धीराची पद्धत साधी आहे. स्पार्क प्लग, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारे सुटे भाग, काढून घ्यावेत. प्रत्येक छिद्रातून सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडावे. आणि गाडी तशीच राहू द्यावी. तेल रिंगेच्या बारीक फटीतून खाली झिरपायला दिवस लागतात, कधी आठवडे लागतात, आणि त्या काळात मधून मधून आणखी तेल घालण्याखेरीज दुसरे काही करायचे नसते. मग ॲम्बॅसेडरसारख्या गाडीत पुढच्या बंपरमधून हँडल घालून, हाताने, झटका न देता, थोडा थोडा जोर द्यावा. विजेच्या मोटरला जी गोष्ट कळत नाही ती हाताला कळते, कारण आत काही अडले आहे की केवळ जड आहे हा फरक मनगटाला जाणवतो आणि जोर वेळीच आवरता येतो. हे सांगण्याचे आणखी एक कारण हैदराबादच्या अलीकडच्या इतिहासात आहे. ऑक्टोबर २०२०च्या अतिवृष्टीत शहरातील कित्येक वस्त्यांमध्ये उभ्या गाड्या पाण्यात बुडाल्या. ज्या सिलिंडरमध्ये पाणी शिरले आहे तेथे पिस्टन वर येताना पाणी दाबले जात नाही, कारण हवेप्रमाणे पाणी आकुंचन पावत नाही, आणि मग पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉडच वाकतो. प्लग आधी काढलेले असतील तर तेच पाणी निरुपद्रवी रीतीने बाहेर उडते.

विजेचा भाग त्या मानाने सोपा आहे. बॅटरी बहुधा गेलेलीच असते, कारण न वापरलेल्या बॅटरीतील शिशाच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे स्फटिक घट्ट होऊन बसतात आणि पुन्हा चार्ज केले तरी विरघळत नाहीत. वायरी उंदरांनी कुरतडलेल्या असतात. आणि डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट, म्हणजे ठिणगीच्या क्षणी विद्युत्प्रवाह तोडणारे दोन लहान संपर्कबिंदू, काळे पडलेले असतात. बारीक पॉलिश पेपरने ते घासून त्यांतील अंतर साधारण ०.४ मिलिमीटरवर आणले की ठिणगी परत येते. टायर दिसायला चांगले असले तरी त्यांचे रबर कडक झालेले असते आणि ते बदलावेच लागतात.

ब्रेकच्या बाबतीत मात्र घाई कोणत्याही परिस्थितीत क्षम्य नाही. पद्मिनी आणि ॲम्बॅसेडर यांचे ब्रेक द्रवदाबावर चालतात, म्हणजे पायाखालच्या पट्टीचा जोर मास्टर सिलिंडरमधून ब्रेक ऑइलद्वारे चारही चाकांपर्यंत पोहोचतो. हे ऑइल हवेतील पाणी शोषून घेणाऱ्या जातीचे असते. उभ्या गाडीत शोषलेले पाणी नळ्यांच्या तळाशी आणि चाकांजवळच्या लहान सिलिंडरांत गंज आणते, तेथील रबरी वाट्या फुगतात किंवा फाटतात, आणि पायाला पट्टी घट्ट लागत असूनही एखादे चाक मुळीच थांबत नाही अशी फसवी अवस्था निर्माण होते. इंजिन सुरू झाल्याच्या आनंदात ब्रेक न पाहता गाडी रस्त्यावर काढण्याची चूक अनेकदा घडते. इंजिन बंद असल्यास गाडी जागेवर राहते एवढेच. ब्रेक नसल्यास दुसऱ्याचा जीव जातो. म्हणून खरे तर या कामाचा आरंभ इंजिनापासून न करता चाकांपासून करावा असे म्हणणारे मिस्त्री अधिक विश्वासाचे समजले पाहिजेत.

अशा मिस्त्रींची एक परंपरा हैदराबादमध्ये आहे आणि तिचे मूळ संस्थानी मोटारखान्यापेक्षा सार्वजनिक वाहतुकीत आणि कारखान्यांत अधिक सापडते. निजाम स्टेट रेल्वेने जून १९३२मध्ये २७ बसगाड्या आणि १६६ कर्मचारी यांच्यासह रस्ते वाहतूक विभाग सुरू केला. सरकारी मालकीच्या प्रवासी बससेवेचा हा देशातील आरंभ मानला जातो. त्या बसगाड्या स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या होत्या. पुढे १९४२मध्ये हैदराबाद ऑलविन हा कारखाना निघाला आणि तेथे बसच्या सांगाड्यांची बांधणी होऊ लागली. मराठवाड्याचे जिल्हे १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात जाईपर्यंत याच संस्थानी बससेवेच्या कक्षेत होते. रोज सकाळी ठरल्या वेळी गाडी निघालीच पाहिजे या बंधनातून जी कारागिरी घडते ती राजवाड्याच्या मोटारखान्यात घडू शकली नाही, आणि ६० पैकी ४ या हिशेबाचे स्पष्टीकरण शोधायचे तर ते येथे शोधावे लागेल. बसचा मिस्त्री रात्री जे उघडतो ते त्याला पहाटेपूर्वी जोडावे लागते, प्रवासी वाट पाहत असतात, आणि चूक झाली तर ती त्याच दिवशी उघडकीला येते. निजामांच्या गाड्यांची अशी वाट पाहणारे कोणी नव्हते.

आजही जुन्या गाडीचा एखादा भाग हवा असेल तर राणीगंजमधील सुट्या भागांच्या दुकानांपासून जुमेरात बाजारातील जुन्या वस्तूंच्या ढिगांपर्यंत फिरावे लागते, आणि तेथेही न मिळाला तर बालानगरच्या लहान कारखान्यांत लेथवर, म्हणजे धातू फिरवून कातणाऱ्या यंत्रावर, तो नव्याने घडवून घेता येतो. भागांची वाण आहे खरी, पण तिच्यावर उपाय निघतो. जाणकार हातांची वाण अधिक गंभीर आहे. सन २००० नंतर प्रदूषणाचे नियम कडक झाले, नव्या मोटारींतून कार्बोरेटर गेला, इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पेट्रोल फवारणारी यंत्रणा आली, आणि बिघाड शोधण्याचे काम संगणकाला जोडलेल्या उपकरणाकडे गेले. या उपकरणावर शिकलेल्या तरुण मेकॅनिकचे कौशल्य कमी दर्जाचे नाही. पण ज्या गाडीत उपकरण जोडायला जागाच नाही तिच्यासमोर त्याला पहिल्यापासून शिकावे लागते. जुना मिस्त्री चालू इंजिनाच्या प्लगची एकेक वायर क्षणभर काढून पाहतो आणि जी काढल्याने आवाजात फरक पडत नाही तिचा सिलिंडर काम करत नाही असे ठरवतो. प्लगचे टोक बिस्किटी रंगाचे असेल तर मिश्रण बरोबर, काजळीसारखे काळे असेल तर पेट्रोल जास्त, पांढुरके असेल तर कमी, हे त्याला पाहताक्षणी कळते. एप्रिल-मेच्या उन्हात पेट्रोल पंपातच उकळून वाफ होते आणि गाडी भर रस्त्यात थांबते, तेव्हा पंपावर ओले फडके गुंडाळावे हेही तो सांगतो. या ज्ञानाची पुस्तके फार थोडी आहेत, आणि मराठीत तर नाहीच म्हणावे इतकी थोडी. ते एका हातातून दुसऱ्या हातात जाते, आणि ज्या वर्कशॉपमध्ये शिकाऊ मुलगा येत नाही तेथे ते त्या मिस्त्रीबरोबर संपते.

गाडी पुन्हा सुरू होते तो क्षण सहसा वर्णनाचा विषय होतो. तांत्रिकदृष्ट्या त्याच्या आधीची पंधरा मिनिटे अधिक महत्त्वाची असतात. प्लग न लावता इंजिन सेल्फने काही वेळ फिरवावे लागते, जेणेकरून नव्याने भरलेले तेल पंपाद्वारे वरच्या बेअरिंगांपर्यंत चढेल आणि तेलाच्या दाबाचा लाल दिवा विझेल; तो विझण्यापूर्वी इंजिन पेटवले तर धातूवर धातू कोरडा घासतो आणि इतक्या दिवसांचे कष्ट मिनिटभरात वाया जातात. मग प्लग लावून, कार्बोरेटरच्या वाटीत थोडे ताजे पेट्रोल घालून इंजिन पेटवले की सिलिंडरमध्ये सोडलेले तेल जळत असल्यामुळे निळसर धूर दाटतो. तो घाबरण्याजोगा नसतो आणि थोड्या वेळाने ओसरतो. न ओसरला तर रिंगा गेल्या आहेत असे समजावे. रेडिएटर म्हणजे इंजिनाचे पाणी थंड करणारी जाळी. तिच्यात वर्षानुवर्षे बोअरचे जड पाणी घातलेले असेल तर क्षारांनी तिच्या नळ्या अरुंद झालेल्या असतात आणि हैदराबादच्या उन्हाळ्यात तापमानाचा काटा लगेच वर चढतो. पहिले तेल थोड्याच अंतरानंतर काढून टाकावे, कारण जुना गाळ त्याच्याबरोबर सुटून आलेला असतो. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले; त्यातील शिसे व्हॉल्व्हच्या बैठकीचे रक्षण करत असे, आणि म्हणून त्याआधीच्या काळातील इंजिनाचे हेड उघडण्याची वेळ आलीच तर कठीण धातूच्या बैठका बसवून घेणे शहाणपणाचे ठरते.

येथे एक मतभेदाचा मुद्दा येतो. गाडी चालू करायची की तिचे मूळ रूप राखायचे? केंद्र सरकारने २०२१मध्ये जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठी जे नियम केले त्यांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली आणि चॅसिस, बाह्य सांगाडा व इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी व्हिंटेज ठरते. तिला व्हीए ही अक्षरे असलेला वेगळा क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असते आणि नोंदणी १० वर्षे टिकते. अशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, शर्यतीविना निघणारी रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल यांसाठी मात्र ती रस्त्यावर आणता येते. या नियमांत देखभालीसाठी चालवणे हा वापर मान्य केलेला आहे ही फार समंजस गोष्ट आहे, कारण ज्या गाडीचे इंजिन महिन्यातून एकदाही पूर्ण गरम होत नाही तिचे मूळ रूप आतून नाहीसे होतच असते, मग बाहेरचा रंग कितीही अस्सल असो. नव्याने चकचकीत रंगवलेली पण न चालणारी गाडी आणि फिकट पडलेल्या जुन्या रंगाची पण चालणारी गाडी यांत निवड करायची झाली तर दुसरीच अधिक अस्सल मानली पाहिजे. पत्रा, रंग आणि बैठकीचे कापड हे गाडीचे अवशेष म्हणून काचेमागेही टिकतात. क्लच सोडताना चॅसिसमधून येणारा कंप, स्टीअरिंगखालच्या दांडीने बदलायच्या गिअरची सवय, थंड इंजिनाला चोक किती ओढावा याचा अंदाज हे सारे फक्त चालत्या गाडीत टिकते. चौमहल्ल्यातील गाड्यांबाबतही हेच लागू आहे. त्यांना जपण्याचा सर्वांत चांगला मार्ग त्यांना नियमाने, थोड्या अंतरासाठी, जाणत्या हाती चालवणे हा आहे.

हैदराबादमध्ये, मराठवाड्यात किंवा अन्यत्र ज्यांच्या घरी अशी झाकलेली गाडी आहे, त्यांनी ती भंगारवाल्याला देण्यापूर्वी कार्बोरेटरच्या काळातील एखादा मिस्त्री शोधून त्याला ती दाखवावी, आणि तो काम करत असताना घरातील एखाद्या तरुणाला त्याच्या शेजारी उभे करावे. तोपर्यंत किल्ली फिरवू नये. बॅटरीची तार सोडवावी, प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल घालावे, टाकीतले जुने पेट्रोल काढून टाकावे, आणि चारही चाकांचे ब्रेक उघडून पाहिल्याखेरीज गाडी फाटकाबाहेर नेऊ नये.